डोंग्याचा ट्रस्ट

कोसमटोल्याचे मालगुजार केशोराव दुपारचे ओसरीवर खाट टाकून पडले होते. डोळा नुकता लागत होता, तेवढ्यात खाटेखालून काहीतरी सरसरत गेलं. साप समजून ते ताडकन उठून बसले. पाहतात तर काथ्याची दोरी. तिचं एक टोक धरून थोरला पुतण्या भैय्यालाल ओसरीच्या या कडेला उभा, आणि दुसरं टोक धरून धाकटा चैतराम त्या कडेला.

"काकाजी, जरा पाय वर घेता का?" भैय्यालाल अदबीनं म्हणाला. "दोरी अटकून राहिली."

"कायची दोरी? काय मोजून राहिले तुमी?"

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काई नाई जी," चैतराम म्हणाला. "पुढं-मागं भिंत घालाची पाळी आली, तर मधोमध कोठं येईल, तेवढं पाहून राहिलो. तुमी झोपा."

आता झोप कसली? केशोरावांना मूलबाळ नव्हतं. धाकट्या भावाशी वाटणी होऊन जमाना लोटला होता. तो भाऊ गेल्यावर त्याची ही दोन मुलं शेजारच्या घरांत वेगवेगळ्या चुली मांडून राहत होती. दोघं एकमेकांशी बोलत नसत. एक उगवतीला नांगर नेई तर दुसरा मुद्दाम मावळतीला. काकाच्या इस्टेटीचा विषय निघाला, की मात्र दोघांचं सख्ख्या भावांसारखं जमे. थंडीत केशोरावांना चार दिवस खोकला काय झाला, दोघांनी भिंतीची जागासुद्धा ठरवून टाकली. खोकला बरा झाला, हे त्यांच्या हिशेबात बसलंच नव्हतं.

केशोराव काही कंजूस नव्हते. पोरांना वेळेला बैलजोडी देत, बियाण्याचा धान देत. पण आपण खाटेवर जिवंत पडलेलो असताना आपल्या खालून दोरी जावी, हे त्यांच्या मनाला फार लागलं. रात्री जेवताना त्यांनी बायकोला, देवकाबाईंना, सगळं सांगितलं.

"मंग तुमी पाय वर घेतले का नाई?" देवकाबाईंनी विचारलं.

"घेतले," केशोराव पडेल आवाजात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दमणी जुंपायला सांगितली आणि थेट गोंदिया गाठलं. स्टेशनच्या मागे, धानाच्या गिरणीला लागून चुन्नीलाल वकिलांची कचेरी होती. गिरणीचा भोंगा वाजला की वकीलसाहेब बोलायचे थांबत आणि भोंगा थांबला की अर्धं वाक्य जिथल्या तिथून पुढे नेत.

"माझ्यामागं माझी जमीन पुतण्यायले जाऊ नाई," केशोराव म्हणाले. "असा कागद करून द्या."

"वसीयत कर दो," चुन्नीलाल म्हणाले. "फिर आपके जाने के बाद भतीजे कोर्ट जाएँगे, बरसों लड़ेंगे."

"मी गेल्यावर?"

"जी हाँ."

केशोरावांना हे पटलं नाही. एवढी मोठी मजा होणार आणि ती पाहायला आपणच नाही, तर उपयोग काय?

"तो फिर जीते जी ट्रस्ट कर दो. आपकी खुद की जमीन है, बँटवारा हो चुका है, कोई रोक नहीं सकता. जमीन ट्रस्ट की हो जाएगी. फिर वो न आपकी, न भतीजों की. धान जो आएगा, वो धरम के काम में जाएगा."

"काय म्हटलं? पुन्हा म्हना."

"न आपकी, न भतीजों की."

केशोरावांना ते शब्द इतके गोड लागले, की त्यांनी वकिलांना ते आणखी एकदा म्हणायला लावले. मग वकिलांनी दौत पुढे ओढली. "बोलिए, ट्रस्ट का उद्देश क्या लिखूँ?"

"उद्देश हाच का भैय्यालालले भेटू नाई. आन चैतरामलेबी भेटू नाई. दोन उद्देश लिहा."

चुन्नीलालांनी लेखणी खाली ठेवली. "मालगुजार साहब, इसको उद्देश नहीं, दुश्मनी बोलते हैं. दुश्मनी की रजिस्ट्री नहीं होती. लोगों का कुछ भला होना चाहिए."

"कोन्या लोकायचं?"

"सबका."

हा प्रश्न नवीन होता. आजवर केशोरावांनी कुणाचं वाईट केलं नव्हतं, पण सबका भला म्हणजे नेमकं काय, हा विचार त्यांच्या डोक्याला कधी शिवला नव्हता. "इचार करून येतो," म्हणून ते उठले.

ते घरी पोचायच्या आत बातमी गावात पोचली होती. मालगुजार जमीन धर्माला देणार, पण कोणत्या धर्माला ते त्यांनाच ठाऊक नाही! मग काय, दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर उद्देश घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली.

आधी भजनी मंडळ आलं. ट्रस्टनं मंडळाला नवी पेटी द्यावी, तबलजीला दूध द्यावं आणि गावात रोज पहाटे नामस्मरण व्हावं, असा त्यांचा उद्देश होता. नमुना म्हणून त्यांनी तीन पहाटा ओसरीवर बसून भजन केलं. चौथ्या पहाटे केशोराव गोठ्यात जाऊन झोपले आणि तो उद्देश बारगळला.

मग श्यामलाल आला. त्याचा उद्देश फार थोर होता. गावातल्या गरीब मुलींची लग्नं ट्रस्टनं लावून द्यावी.

"किती पोरी असतील आपल्या गावात गरीब?" केशोरावांनी चौकशी केली.

"चार हायेत जी."

"कोनाच्या?"

"माझ्याच," श्यामलाल म्हणाला.

नागऱ्याच्या महादेवाला कळस चढवावा असं केशोरावांच्या स्वतःच्या मनात होतं. कळसावर नाव कोरलं की दूरवरून दिसेल. तेवढ्यासाठी ते नागऱ्याला जाऊन आले. तिथल्या पुजाऱ्यानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कळसाची महादेवाले घाई नाई जी. उन्हाळ्यात लोकायचे पाय भाजते, तेवढ्या चटया द्या." केशोरावांनी चटया दिल्या. पण चटईवर नाव घालावं तर त्यावर लोक पाय देणार. तोही मार्ग खुंटला.

पुतण्यांची तऱ्हा आणखी निराळी. ट्रस्टमधून गरिबांना मदत मिळते असं कुणीतरी भैय्यालालला सांगितलं. त्या दिवसापासून तो फाटकी बंडी घालून काकाच्या दारावरून जाऊ-येऊ लागला. ते पाहून चैतराम लंगडू लागला. पण कोणत्या पायानं लंगडायचं ते त्याच्या लक्षात राहत नसे. एकदा केशोरावांनीच त्याला हाक मारून सांगितलं, "अरे, काल उजवा होता."

शेवटी वैतागून त्यांनी देवकाबाईंना विचारलं, "तुले काय वाटते?"

"मले?" देवकाबाई सुपातला धान पाखडत म्हणाल्या. "नदीच्या घाटावर डोंगा ठेवा. चांगला, मजबूत. फुकटात माणसं पार नेणारा."

"डोंगा?" केशोराव हसले. "अवो, ट्रस्ट म्हनजे मोठी गोष्ट हाय. डोंग्याले कोनी ट्रस्ट करते का?"

देवकाबाईंनी सुपातला कोंडा नेमका केशोरावांच्या अंगावर उडवला.

त्यांच्या म्हणण्यामागे कारण होतं. कोसमटोला बाघ नदीच्या अलीकडे आणि देवकाबाईंचं माहेर मोहगाव पलीकडे. लग्नाची वरात वैशाखात कोरड्या पात्रातून बैलगाड्यांनी गेली होती. तेव्हा ही नदी पावसाळ्यात वाट अडवील, असं नव्या नवरीच्या ध्यानातही आलं नव्हतं. भादव्यात तीजेला या मुलखातल्या लेकीबाळी माहेरी जातात, पण तेव्हा नदी दुथडी भरलेली असते. घाटाचा ठेका दुसऱ्या कुणाचा, त्याची नाव जुनी, गळकी, मनात येईल तेव्हा चालणारी. आणि केशोराव तर पाण्याला असे भीत, की नदीला दुरूनच नमस्कार घालून मागे फिरत. लग्न झाल्यापासून देवकाबाई एकाही तीजेला माहेरी गेल्या नव्हत्या.

त्या वर्षी मात्र निरोप आला की म्हातारी आई फार थकली आहे, एकदा येऊन जा. देवकाबाईंनी ठेठऱ्या तळल्या, फडक्यात बांधल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी जाऊन राहिली."

"कशानं?"

"नावेनं. शालीकराम नेते मले."

शालीकराम हा घाटावरचा ढिवर. त्याचा हात वल्ह्यावर पक्का होता आणि आवाज असा, की त्यानं या काठावर खाकरलं तर त्या काठावरची माणसं वळून पाहत. त्यानं देवकाबाईंना सुखरूप पलीकडे पोचवलं आणि परत आला. त्याच रात्री वर कुठंतरी पाऊस कोसळला. सकाळी नदी तांबडीलाल होऊन धावत होती आणि घाटाला बांधलेली नाव नाहीशी झाली होती.

इकडे केशोरावांच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला. तो सुटला, पण नको इतका सुटला. भैय्यालालच्या घरून सुशीलाबाई ताट घेऊन आली आणि चैतरामच्या घरून पुष्पाबाईही आली. दोघी समोरासमोर बसल्या. केशोरावांनी एका ताटातला घास घेतला की दुसरी सुस्कारा सोडे.

"काकाजी, तिच्या भाजीत मीठ जास्त हाय नाई?"

"काकाजी, खरं सांगा, कोनाचा भात मोकळा?"

दोघींचं मन राखायला केशोराव दोन्ही ताटं साफ करू लागले. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं झालं, छातीत जळजळायला लागलं आणि त्यांना एकाच गोष्टीची ओढ लागली. देवकाबाईंच्या हातचं लिंबाचं लोणचं आणि पातळ पेज. लोणचं घरात कुठंतरी होतं, पण कुठं, ते एका देवकाबाईंनाच ठाऊक. केशोरावांनी सगळं घर पालथं घातलं, मग काठी घेतली आणि घाटावर गेले.

घाटावर बघतात तो जत्रा. बाजाराला निघालेल्या बाया भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या, भाजी सुकून चाललेली. तीजेला जायच्या लेकी नवी लुगडी नेसून दगडांवर बसलेल्या. पलीकडच्या काठावरही तितकीच माणसं. केशोराव जन्मभर या गावात राहिले, पण पावसाळ्यात घाटावर ते कधी आलेच नव्हते.

"शालीकराम," ते म्हणाले, "तिले हाक मार."

शालीकरामनं तोंडापुढं हात धरले. "ओ देवकाबाई! मालगुजार आले हो!"

थोड्या वेळानं पलीकडची गर्दी हलली आणि हिरव्या लुगड्यातल्या देवकाबाई पुढे आल्या. नदीचा घोंघाट इतका, की दोन्ही काठांवरची माणसं शब्द झेलून पुढे देऊ लागली.

"काऊन आले?" पलीकडून आलं.

"तू कवा येते?"

"पानी उतरल तवा!"

केशोरावांनी इकडं-तिकडं पाहिलं. मग हळूच शालीकरामच्या कानात काहीतरी सांगितलं. शालीकरामनं ते जसंच्या तसं नदीपार फेकलं, "लिंबाचं लोनचं कोठं ठेवलं, म्हनते!"

दोन्ही काठ खदखदा हसले.

"वरच्या शिक्यात! जेवले नाई का?"

"दोन-दोन घरचं जेवून राहिले, म्हनते!"

"मंग ओवा खा म्हना!"

हशा पिकलेला असतानाच पलीकडे एकदम गलबला झाला. चार माणसं एक खाट खांद्यावर घेऊन काठाशी आली. खाटेवर गीताबाई म्हणून मोहगावचीच एक बाई होती, बाळंतपणात अडलेली. तिला गोंदियाच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून आणलं होतं, आणि समोर हे पाणी. देवकाबाई वाकून तिच्याशी बोलल्या. मग ताठ उभ्या राहिल्या आणि यावेळी शालीकरामची गरज न लागता त्यांचा आवाज अलीकडे आला.

"हिले नेवाचं हाय! नाव आना! काई करा!"

आत्ताच आपण इथं उभं राहून लोणचं विचारलं, या विचारानं केशोरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काई करा रे!" ते ओरडले. "कोनी तरी काई करा!"

ही संधी पुतण्यांनी ओळखली. काकीला आणायचं आणि काकाला जिंकायचं, म्हणून दोघं सकाळपासूनच चोरून तयारीला लागले होते. भैय्यालालनं केळीचे खुंट बांधून तराफा केला होता आणि चैतरामनं रॉकेलच्या रिकाम्या डब्यांचा. एकमेकांना दिसू नये म्हणून दोघं घाटाच्या वर, झाडीच्या दोन बाजूंना लपले होते. काकाची हाक ऐकून दोघांनी एकाच वेळी आपापला तराफा पाण्यात लोटून वर उडी घेतली.

"नका जाऊ!" शालीकराम ओरडला, पण उशीर झाला होता. दोन्ही तराफे गरगर फिरत मधल्या धारेत आले आणि एकमेकांवर आदळले. केळीचे खुंट सुटले, डबे टणाटण वाजत निघून गेले. नदीच्या मध्यावर पाण्याखाली गेलेलं एक बेट होतं, त्यावर एक बाभळीचं झाड. त्या झाडाला दोघं भाऊ दोन बाजूंनी जाऊन अडकले. बाभूळ काट्यांची, म्हणून बुंधा नीट धरता येईना. शेवटी दोघांनी एकमेकांनाच घट्ट मिठी मारली.

"सोडू नको रे भैय्या!" चैतरामचा आवाज आला.

"नाई सोडत! तू हलू नको!"

"किती वर्सानं बोलले!" घाटावरची एक म्हातारी पदर डोळ्यांना लावत म्हणाली.

पण दोन्ही काठांचं लक्ष आता पलीकडच्या खाटेकडे होतं. देवकाबाईंनी बायकांना गोळा केलं होतं. खाटेभोवती बायकांनी लुगडी धरून आडोसा केला. अलीकडून काहीच दिसेना, ऐकू येईना. केशोराव चिखलातच बसले. आयुष्यात त्यांनी देवाकडे पाऊस मागितला होता, पीक मागितलं होतं. आज, ज्या बाईचं तोंडही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तिच्यासाठी ते हात जोडून बसले होते.

आणि मग पाण्याच्या आवाजावरून, बारीक पण स्पष्ट, एक ट्यां आलं.

शालीकरामनं डोक्याचं मुंडासं हवेत फेकलं. बायका रडायला लागल्या. बेटावरच्या दोघा भावांनाही काय झालं ते कळलं असावं, कारण तेही ओरडायला लागले. पण ते आनंदानं की थंडीनं, ते सांगता येत नाही.

"पोरगी हाय!" देवकाबाईंची हाक आली. "दोघीबी बऱ्या हायेत!"

संध्याकाळच्या आत वरच्या गावच्या ढिवरांनी एक डोंगा आणला आणि पुतण्यांना उतरवून घेतलं. भैय्यालालच्या पाठीत काटे घुसले होते ते चैतराम काढत होता, आणि चैतरामचे भैय्यालाल. काकाला पाहताच भैय्यालाल म्हणाला, "काकाजी, आमी काकीले आनाले गेलो होतो."

"पाहिलं," केशोराव म्हणाले. त्यांना रागही आला, हसूही आलं, आणि पोरं वाचली म्हणून मनातून बरंही वाटलं. "घरी जा. एका ठिकानी जेवा आज."

पाणी उतरल्यावर देवकाबाई त्याच डोंग्यातून आल्या. केशोराव त्यांना घ्यायला घाटावर गेले, पण पाण्यापासून चार हात लांबच थांबले.

"डोंगाच ठेवू," त्यांनी बायकोला सांगितलं. "तू म्हनत होती तो."

"डोंग्याले कोनी ट्रस्ट करते का?" देवकाबाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

दसऱ्यानंतर दोघं गोंदियाला गेली. चुन्नीलाल वकिलांनी उद्देश लिहिला: बाघ नदीच्या घाटावर मजबूत नाव ठेवावी, जातपात न पाहता सगळ्यांना फुकट न्यावं, नावाड्यांना ट्रस्टच्या शेतातला धान द्यावा. घाटाची परवानगी भंडाऱ्याहून, जिल्ह्याच्या कचेरीतून काढू म्हणाले. नदीलगतच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, ट्रस्टला, बाकीची जमीन आणि घर देवकाबाईंना, आणि, बाभळीवरची ती मिठी आठवून, त्यांच्यानंतर ते पुतण्यांना. एवढं झाल्यावर वकिलांनी विचारलं, "ट्रस्टी कौन रहेंगे? पक्के भरोसे के आदमी बताइए. नहीं तो ट्रस्टी लोग ही खा जाते हैं."

केशोराव विचारात पडले. भरोशाचा माणूस त्यांना एकही सुचेना.

"भैय्यालाल आन चैतराम," देवकाबाई म्हणाल्या.

केशोराव उडालेच. "अवो, त्यायच्यापायीच त हे सारं करून राहिलो!"

"ऐका त खरं. एकानं मूठभर धान उचलला, त दुसरा गावभर बोंब मारल. त्यानं उचलला त हा मारल. दोघं एकमेकावर डोळे लावून बसतील, जलमभर. असे राखणदार तुमाले पैसे देऊनबी भेटाचे नाई."

गिरणीचा भोंगा वाजत होता, म्हणून चुन्नीलालांना काही बोलता आलं नाही. तो थांबल्यावर ते म्हणाले, "बाई, आप वकालत क्यों नहीं करतीं?" आणि तिसऱ्या ट्रस्टी म्हणून, सगळ्यांच्या वर, त्यांनी देवकाबाईंचं नाव घातलं. ट्रस्टला स्वतःचं नाव द्यायला केशोराव तयारच होते, पण देवकाबाई म्हणाल्या की जिवंत माणसांची नावं नकोत. म्हणून शेवटी नुसतं 'कोसमटोला घाट धर्मादाय ट्रस्ट' ठरलं. केशोराव दोन दिवस रुसले.

उन्हाळ्यात सुतारांनी साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाची नाव केली आणि आखाडात ती पाण्यात उतरली. उद्घाटन म्हणून ट्रस्टींची पहिली सभा घाटावरच भरली. नावेला दरसाल डांबर कुणी फासायचं यावर भैय्यालाल आणि चैतराम भांडायला लागले. ते चाललेलं असताना लाकूड कसं आहे ते पाहायला केशोराव नावेत चढले आणि फळीवर बसून ती ठोकून पाहू लागले. बाजाराला निघालेल्या बाया नावेत आधीच बसल्या होत्या; शालीकरामला वाटलं, मालगुजार पहिली फेरी करणार. त्यानं नाव सोडली.

केशोरावांनी अशी काही किंकाळी फोडली की सभा थांबली. पण नाव धारेला लागली होती. त्यांनी डोळे गच्च मिटले, शेजारच्या बाईची टोपली दोन्ही हातांनी आवळली आणि पार पलीकडे पोचेपर्यंत तिच्यातली वांगी सोडली नाहीत.

मोहगावात जावई पावसाळ्यात आला, ही गोष्टच अशी होती की सासरवाडीच्या गल्लीत माणसं जमली. म्हाताऱ्या सासूनं त्यांना पाटावर बसवलं, वड्यांचा बेत केला. गीताबाई आपली पोर घेऊन आली आणि तिला त्यांच्या मांडीवर ठेवून भाकरी थापायला म्हातारीच्या मदतीला गेली. पोरगी जाडजूड होती, केशोरावांच्या मिशा ओढत होती. ती ओढत असताना ते हलले नाहीत.

"परत कवा निघता जी?" शालीकरामनं दारातून विचारलं. "नाव तयार हाय."

"जाऊ उद्या," केशोराव म्हणाले. "आज सभा चालू हाय तिकडं."